परतवेध

कोल्हापूरच्या नव्या श्वसन केंद्रातल्या वेधकक्षात डॉ. रेवती हुक्केरी खिडकीपासून पडद्यापर्यंत नुसत्या येरझाऱ्या घालत होत्या. पडद्यावर जिल्हाभर पसरलेले ठिपके लुकलुकत होते. एकेक ठिपका म्हणजे दमकोंडीतून उठून घरी गेलेला एकेक रुग्ण.

दमकोंडीचा विषाणू फुप्फुसात शिरला की धडधाकट माणूस आडवा व्हायचा. आणि खरी भीती त्याच्याही पुढे होती. बरा होऊन घरी गेलेला रुग्ण काही दिवसांत पुन्हा धापा टाकत दवाखान्यात परत यायचा, आधीपेक्षा वाईट अवस्थेत. कोण परतणार हे आधीच कळावं म्हणून इरफान मुजावर या तरुण गणितज्ञाने ‘परतवेध’ ही यंत्रणा उभी केली होती. घरी जाणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर श्वासपट्टी चिकटवायची. ती श्वास, नाडी आणि ठावठिकाणा कळवत राही, आणि परतवेध भाकीत करी. लाल ठिपका परत येणार, हिरवा येणार नाही. लाल ठिपक्यांच्या घरी परिचारिका रोज जात. परतणाऱ्यांचं प्रमाण वर्षभरात निम्म्यावर आलं होतं. ही यंत्रणा राज्यभर न्यावी, असं मंत्र्यांना पटवायला संचालक डॉ. नाडगौडा आज मुंबईत होते.

“आनंदी खोत अजून हिरवीच?” रेवतींनी विचारलं.

“गडद हिरवी,” इरफान म्हणाला. “डॉक्टर, सकाळपासून तुम्ही चौथ्यांदा विचारताय.”

“मी परवा तिची छाती तपासली आहे. उजव्या बाजूला हवा नीट जात नव्हती. मी तिला सोडणार नव्हते; हिरवा ठिपका बघून नाडगौडा सरांनी सोडलं. आणि इथे शेजारच्या राजारामपुरीतला तो ठणठणीत पोरगा लाल! कशावरून?”

“मी यंत्राला नियम शिकवलेले नाहीत. आपले हजारो जुने रुग्ण दाखवले, कोण परत आलं आणि कोण नाही एवढं सांगितलं. बाकी ते आपलं आपण शिकलं.”

“मग आनंदीबाईत त्याने काय पाहिलं?”

इरफानने कळा दाबल्या. यंत्राने कशाला किती वजन दिलं ते पडद्यावर उमटलं. “श्वासाचा वेग वाढलेला, म्हणजे धोका. पण त्याहून जड बाजू दुसरी आहे. गगनबावड्याच्या पलीकडची वाडी, एकटी राहते, जवळपास वाहन नाही. असे लोक सहसा परत येत नाहीत.”

“बरे होतात म्हणून?”

इरफान घाईघाईने जुन्या नोंदी चाळू लागला.

रेवतींनी फोन ओढला. त्याच भागातून महिन्यापूर्वी हिरव्या ठिपक्यानिशी घरी गेलेल्या एका बाईंच्या घरी लावला. पट्टी कधीच बंद पडली होती. निघाली असेल, असं सगळ्यांनी धरलं होतं.

“आई व्हय?” पलीकडून मुलगा म्हणाला. “आई गेली की, बाई. तुमच्याकडनं आणल्यावर आठवडा बी काढला न्हाई. दम लागला, पर गाडी मिळंपातूर खेळ संपला हुता.”

रेवतींनी फोन ठेवला. “आपल्या नोंदीत ती काय आहे, इरफान?”

“परत आली नाही,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “म्हणजे भाकीत बरोबर. डॉक्टर, यंत्र कधीच चुकलं नाही. आपण त्याला विचारलं कोण परत येईल. कोण जगेल, हे विचारलंच नाही.”

रेवती तोवर दाराबाहेर पडल्या होत्या.

रुग्णवाहिका घाटाच्या अंगाला लागली तरी त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. वाडीच्या अलीकडे रस्ता संपला, तशा प्राणवायूची लहान टाकी घेऊन त्या चालकासोबत बांधावरून अक्षरशः पळत सुटल्या.

आनंदीबाई दारात भिंतीला टेकून बसल्या होत्या. ओठ निळसर पडले होते.

“तुमी कशाला आलासा एवढ्या लांब?” त्यांनी कसंबसं विचारलं.

“तुम्ही येत नव्हता म्हणून, मावशी. बोलू नका आता.”

प्राणवायूचा मुखवटा चढवून, चालकाच्या मदतीने त्यांना गाडीपर्यंत आणलं. गाडी वळून कोल्हापूरच्या वाटेला लागली. हळूहळू ओठांवर रंग आला, नाडीचा वेग उतरला, श्वास लांबला. रेवतींनी पहिल्यांदाच पाठ टेकली, तोच फोन वाजला.

“डॉक्टर, काय झालं?” इरफान घाबरून विचारत होता. “आनंदीबाई लाल झाल्या! आत्ता, एकदम!”

रेवतींनी पेशंटकडे पाहिलं. दारात पाहिल्यापासून इतका शांत श्वास त्या बाईने घेतला नव्हता.

“तब्येत सुधारतेय, इरफान. फक्त ती आता गाडीत आहे, म्हणजे परत येणार.”

पलीकडे कळा दाबल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, “म्हणजे हिरव्यांतल्या प्रत्येकाकडे जावं लागेल. पण सर आत्ता मुंबईत आकडे दाखवतायत. आपण गाड्या पाठवल्या तर परतणारे दुप्पट होतील.”

“होऊ देत. सरांना मी सांगते,” रेवती म्हणाल्या. “तू आधी या रस्त्यावरचे सगळे हिरवे सांग.”