रविवारी दार उघडणाऱ्यांची यादी

उल्का काही भित्री बाई नव्हे हो. नवरा आईच्या आजारपणासाठी पुण्याला गेलेला, सिंगापुरात सेरंगूनच्या फ्लॅटमध्ये ती आणि नऊ वर्षांची गार्गी दोघीच, तरी तिला कधी काही वाटलं नाही. युनिव्हर्सिटीतलं तिचं काम म्हणजे इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या चर्चची चारशे वर्षांपूर्वीची वही वाचायची. मूळ वही तिकडेच. हिच्या लॅपटॉपवर पानांचे फोटो.

तेव्हाचं भांडण मोठं गमतीचं. राजाने फर्मान काढलं, रविवारची प्रार्थना झाली की खुशाल नाचा, खेळा. कर्मठ मंडळी खवळली. रविवार देवाचा, त्या दिवशी खेळ नाही आणि काम तर नाहीच नाही! त्यातलाच एक चर्चचा कारभारी. प्रार्थना चालू असताना हा बाबा काठी घेऊन गावभर फिरायचा, दारावर तीनदा ठोकायचा. हातातलं काम टाकून जो दार उघडेल, त्याच्याकडूनच वहीत नाव लिहून घ्यायचा. शेजारच्या रकान्यात पुढच्या रविवारी स्वतः फुली मारायचा. "काय खडूस माणूस!" म्हणून उल्का हसली होती.

एका रविवारी दुपारी ती हेच वाचत बसली असताना दारावर काठी वाजली. ठक. ठक. ठक. दाराच्या भोकातून पाहिलं, तर कॉरिडॉर रिकामा. नुसता ओल्या लोकरीचा वास... सिंगापूरच्या उकाड्यात लोकर कोण घालतंय? तिने दार उघडलं नाही.

सोमवारी तिने त्या गावातल्या दफनांच्या नोंदी काढल्या आणि वहीशी ताडून पाहिल्या. ज्यांच्या नावापुढे फुली, ते सगळेच्या सगळे फुली पडली त्याच दिवशी गेलेले. एक विणकर, एक सुईण, सात वर्षांची एक पोर.

पुढच्या रविवारी तिने लॅपटॉप उघडलाच नाही. नकोच ती कटकट! दुपारी हॉकर सेंटरमधून डोसे आणायला निघाली आणि सवयीने बोलून गेली, "गार्गी, मी येईपर्यंत दहा ओळी शुद्धलेखन. आजीला फोटो पाठवायचाय. आणि दार उघडायचं नाही, कळलं?"

"ऑलवेज संडेला मराठी! नॉट फेअर लाह, आई," शाळेतल्या पोरांसारखं 'लाह' लावत गार्गी कुरकुरली आणि पेन्सिल घेऊन बसली.

वीस मिनिटांत उल्का परतली. लिफ्टमधून बाहेर आली. कॉरिडॉरभर तोच वास. घराचं दार सताड उघडं.

गार्गी टेबलापाशी बसलेली. बोटं तपकिरी शाईने माखलेली.

"गार्गी... कोण आलं होतं?"

"एक अंकल, स्टिकवाले. थ्री टाइम्स नॉक केलं. मला वाटलं तूच आलीस. तुझे हात फुल असतील ना, म्हणून उघडलं."

"काही केलं का गं त्याने?"

"नो लाह. म्हणाला, नाव लिही."

उल्काने लॅपटॉप उघडला. पासवर्ड दोनदा चुकला. वहीचं शेवटचं पान तिने शंभरदा पाहिलेलं. खालचा अर्धा भाग कोरा होता. आता तिथे मोठ्या, वाकड्या मराठी अक्षरांत लिहिलेलं होतं... गार्गी. शेजारचा रकाना रिकामा.

"कशात लिहिलंस तू हे?" ती किंचाळलीच.

"त्याच्या बुकमध्ये." गार्गी फ्रॉकला बोटं पुसत होती, शाई काही निघत नव्हती. "बाजूच्या कॉलममध्ये पण लिहू का विचारलं, तर नको म्हणाला. दॅट वन ही विल डू, आई... नेक्स्ट संडे."