विसळलेलं भांडं

जो खिळा पुढे विरघळूनच जाणार, तो आधी मजबूत कशाला हवा? शर्वाणीला हे काही केल्या उमगत नव्हतं. आजोबांनी दोनदा समजावलं होतं आणि दोन्ही वेळा तिनं कळल्यासारखी मान डोलावली होती. त्यात ती पटाईत होती.

"अगं, निहारचं हाड जुळेपर्यंत खिळ्यानं ते धरून ठेवायचं," आजोबा तिसऱ्यांदा म्हणाले. "मग सावकाश विरघळायचं. म्हणजे तो काढायला पुन्हा ऑपरेशन नको."

पुन्हा ऑपरेशन शर्वाणीलाही नको होतं. मागच्या वर्षी मोडलेल्या हातात बसवलेली धातूची पट्टी काढताना तिचा धाकटा भाऊ निहार फार रडला होता. आता पाय मोडून घेतला होता पठ्ठ्यानं. शुक्रवारपर्यंत खिळा जमला नाही, तर पुन्हा धातूच.

आणि खिळा जमत नव्हता. आजोबांच्या प्रयोगशाळेत तीन घाणे झाले, तिन्ही बिस्किटासारखे ठिसूळ.

"दह्यातल्या आम्लाचे कण जोडून हा पॉलिमर (लहान कणांची लांबलचक साखळी) होतो," आजोबा म्हणाले. "साखळी लांब, तर खिळा चिवट. आपल्या आखूडच राहतायत. कुठून तरी पाणी शिरतंय."

"एवढ्याशा पाण्यानं काय होतं?"

"परडीत फुलं मोजकी. एकाच दोऱ्यात ओवलीस तर लांब हार. पन्नास दोरे घेतलेस तर?"

"पन्नास आखूड गजरे."

"पाण्याचा एकेक कण म्हणजे एकेक दोरा. तिथून नवी साखळी सुरू होते आणि फुलं वाटली जातात."

शर्वाणी आणखीच गोंधळली. "पण पाणी आलं कुठून?" तिनं विचारलं.

"भांडी भट्टीत कोरडी करून मी टेबलावर ठेवतो," खंडू नावाचा यंत्रमानव म्हणाला. "पुढचं मला कुणी विचारलेलं नाही."

शर्वाणीचे कान तापले. गप्प बसता आलं असतं, पण निहारचा रडवेला चेहरा डोळ्यांपुढून हलेना.

"आजोबा, भांडं तुम्हाला देण्याआधी मी तिन्ही वेळा विसळलं. आई म्हणते, विसळल्याशिवाय भांडं घेऊ नये."

आजोबांनी कपाळावर हात मारला. "आणि मी दोन दिवस उत्प्रेरकाला (क्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थाला) शिव्या घालतोय," ते म्हणाले आणि चष्मा घसरेपर्यंत हसले.

चौथा घाणा कोरड्या भांड्यात झाला. त्यातून तपासायला काढलेला धागा शर्वाणीनं दोन्ही हातांनी ओढला, तरी तुटला नाही.

शनिवारी दवाखान्यात, पायात तो खिळा बसवून झालेल्या निहारनं विचारलं, "ताई, माझा खिळा विरघळवणार कोण?"

"अंगातलं पाणी. एकेक कडी तोडत."

बोलता बोलता ती थबकली. बनवताना नको होतं, तेच पाणी आता हवं होतं. मग तिनं मान डोलावली, आणि या वेळी खरंच कळलं होतं.

तिनं पेला नीट विसळला, भरला आणि निहारपुढे धरला.

"पी," ती म्हणाली. "लागू दे त्याला कामाला."