खडूची खूण

ही गोष्ट खरी आहे. मित्राच्या मित्राची नाही. ज्यांच्या बाबतीत घडली ते माझे सख्खे मोठे काका. ते अजून हयात आहेत आणि अजूनही कुणाचं ऐकत नाहीत.

काळोखी रात्र वगैरेही नव्हती. रविवार होता. दुपारचे चार. ठिकाण, दाताच्या डॉक्टरचा दवाखाना.

हसू नका. शेवटपर्यंत वाचा.

काका शाळा तपासनीस होते. नोकरी संपली, तपासणी काही संपली नाही. सुनेचा चहा, शेजाऱ्याचं हस्ताक्षर, सकाळची हवा, सगळ्याला दहापैकी गुण. साडेचारच्या वर सहसा कुणी जात नसे.

मनापासून त्यांना एकच गोष्ट आवडायची. पाश्चात्य अभिजात संगीत. व्हायोलिन, पियानो, चेलो. चारशे रेकॉर्ड. काकू गेल्यावर घरात त्यांच्याशी बोलणारं तेवढंच उरलं होतं. काकूंशी तरी ते किती बोलले, देव जाणे.

दवाखान्यात दर रविवारी चार टाळकी जमायची. खुर्च्या प्लास्टिकच्या, भिंतीवर किडलेल्या दाढेचं चित्र. पहिल्या रविवारी तीनशे वर्षांपूर्वीचं संगीत, दुसऱ्या रविवारी दोनशे, तिसऱ्याला शंभर, चौथ्याला आपल्या हयातीतलं. प्रत्येकाने आपली सर्वात आवडती रेकॉर्ड आणायची आणि बाकीच्यांना ऐकवायची.

नियम एकच. ज्याची रेकॉर्ड, त्यानेच सुई उचलायची. फोन वाजो, छत कोसळो, दुसऱ्याने हात लावायचा नाही.

नियम काकांनीच केला होता. म्हणजे तो बाकीच्यांसाठी होता, हे ओघाने आलंच.

मंडळी कोण? दवाखान्याच्या मालकीण डॉक्टरीणबाई. चांगल्या बाई, पण ऐकताना डोळे मिटून अशी मान हलवायच्या की दाढ दुखतेय असं वाटावं. एक बँकेतले कॅशियर. त्यांना सगळे 'वा-वा' म्हणत. त्यांच्यापुढे पंखा घरघरला तरी ते "वा! वा!" म्हणाले असते. आणि नुकतेच यायला लागलेले टेलरमास्तर.

मास्तर सुकडे, हळू बोलणारे. शर्टाच्या खिशात कायम कापडावर खूण करायचा चपटा, पांढरा खडू.

तिसरा रविवार होता. मास्तरांनी पहिल्यांदाच स्वतःची रेकॉर्ड आणली. कापडी पिशवी शिवली होती तिला, आतून अस्तर लावून.

"चेलो आहे, साहेब," ते काकांना म्हणाले. "अकरा मिनिटांचं. तीस वर्षं मशीनवर बसून ऐकतोय. सुरुवात साधीच आहे. पण शेवटी एक जागा आहे... तिच्यासाठी आणलीय. बायको होती तोवर तिला ऐकवायचो. नंतर कुणाला नाही."

"लावा, लावा," काका म्हणाले. "प्रस्तावनेला गुण नसतात."

वा-वा हसले. अर्थातच.

रेकॉर्ड सुरू झाली. खरंच साधी होती. काकांनी घड्याळ पाहिलं. छताकडे पाहिलं. किडलेल्या दाढेकडेही पाहिलं.

चौथ्या मिनिटाला ते उठले...

आणि सुई उचलली.

"अहो!" डॉक्टरीणबाई दचकल्या. "त्यांची आहे ती!"

"पुढे काय येणार ते कळलं की. असलं लिफ्टमध्ये वाजतं, मास्तर. चौथ्या मजल्यापर्यंत ठीक. अकरा मजले कोण चढणार?"

"वा! काय बोललात!" वा-वांनी मांडीवर थाप मारली.

मास्तर रागावले नाहीत. त्यांनी खिशातून खडू काढला. वाकले. सुई जिथून उचलली होती, बरोबर तिथे रेकॉर्डवर एक बारीक पांढरी रेघ ओढली.

"असू दे, साहेब. खूण राहील. राहिलेलं पुढच्या वेळी."

काकांनी वहीत लिहिलं: दहापैकी एक. तोही पिशवीच्या अस्तरासाठी.

पुढची वेळ आली नाही. गुरुवारी मास्तर दुकानात मशीनवरच गेले. बसल्या जागी. पायाखालचं मशीनचं पायडल थोडा वेळ हलत होतं, असं म्हणतात.

"वाईट झालं," काका म्हणाले. "पण कान कच्चा होता."

मग पुढच्या महिन्याचा पहिला रविवार. काकांनी आपली सर्वात लाडकी रेकॉर्ड आणली. तीनशे वर्षांपूर्वीचं व्हायोलिन. तिला त्यांनी साडेनऊ दिले होते.

एक मिनिट. दोन. तीन.

चौथं...

आवाज गेला.

"हे बंद कसं पडलं?" काका ओरडले.

"शू!" डॉक्टरीणबाईंनी डोळेही उघडले नाहीत. मान हलतच होती.

रेकॉर्ड फिरत होती. सुई खालीच होती. काकांना पंख्याची घरघर ऐकू येत होती. आतल्या बेसिनमध्ये थेंब पडत होता, तोसुद्धा. वा-वा पुटपुटले, "वा...", तेही स्पष्ट ऐकू आलं.

फक्त व्हायोलिन नव्हतं.

रेकॉर्ड संपल्यावर त्यांनी ती उजेडात धरली.

मधोमध एक बारीक पांढरी रेघ होती...

घरी जाऊन त्यांनी कपाट उघडलं. एक काढली. रेघ. दुसरी. रेघ. रात्रीच्या जेवणापर्यंत चारशेच्या चारशे काढून झाल्या. फडक्याने पुसल्या, की रेघ जायची. लावायला घेतल्या, की तिथेच असायची.

रेडिओ लावला. चौथ्या मिनिटाला... शांत. नवी कोरी रेकॉर्ड आणली. तीही चौथ्या मिनिटाला शांत.

कानाच्या डॉक्टरने तपासलं. "कान तिशीतल्या माणसाचे आहेत तुमचे."

दहापैकी दहा. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला मिळाले, आणि उपयोग शून्य.

तीन महिने त्यांनी एकाही रचनेचा शेवट ऐकला नाही. वजन उतरलं. गुण देणं थांबलं. सून घाबरली, कारण चहाला नावं ठेवली जाईनात.

शेवटी ते मास्तरांच्या दुकानात गेले. आता तिथे त्यांची मुलगी बसते.

"ती चेलोची रेकॉर्ड... पूर्ण ऐकायची आहे. सगळ्यांसमोर."

मुलीने वर पाहिलं. "ती तुमच्याकडेच आहे ना? बाबा म्हणाले होते, दवाखान्यात ठेवून आलोय. साहेबांचं ऐकणं राहिलंय म्हणून."

मास्तर पिशवी काखेत मारून घरी गेलेले काकांनी स्वतः पाहिले होते.

पण ती दवाखान्यातच निघाली. मासिकांच्या गठ्ठ्याखाली. अस्तरासकट.

त्या रविवारी काकांना सोडायला मी गेलो होतो, म्हणून मीही तिथे होतो. मास्तरांची खुर्ची रिकामी ठेवली होती. काका त्या खुर्चीकडे बघून म्हणाले, "चुकलो, मास्तर." हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

त्यांनी सुई खुणेवर ठेवली.

चेलो सुरू झाला. मला ऐकू येत होता. डॉक्टरीणबाईंनाही.

काका एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. बहिरा माणूस बघतो तसे.

रेकॉर्डच्या दहाव्या मिनिटाला ती जागा आली...

डॉक्टरीणबाई रडायला लागल्या. वा-वांचं तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. आयुष्यात पहिल्यांदा ते काही बोलले नाहीत.

"काय आहे?" काकांनी त्यांची बाही धरली. "अहो, काय आहे तिथे? सांगा ना!"

वा-वांनी नुसती मान हलवली. "नाही सांगता येत हो, साहेब."

रिकाम्या खुर्चीची एक प्लास्टिकची पट्टी करकरली. कुणी तरी आरामात मागे टेकावं तशी.

आणि सुई... आपोआप उचलली गेली. रेकॉर्ड ज्याची, त्याने उचलावी तशी.

काका अजून दर रविवारी जातात. चार मिनिटं ऐकतात. मग वा-वांना विचारत बसतात, "पुढे कसं होतं? जरा नीट सांगा ना." आणि वा-वा सांगतात, "वा!" त्यावरच भागवावं लागतं.

मला त्यांची कीव यायला हवी होती. खरं सांगतो, आली नाही. त्या दिवशी काकांचा तो चेहरा बघताना मला हसू फुटत होतं. लहानपणी माझ्या निबंधाचं पहिलं पान वाचून त्यांनी वही मिटली होती. बरी जिरली, असं मनात म्हणालोसुद्धा.

घरी येऊन शर्ट काढला.

डाव्या बाजूला, खिशाच्या जरा वर... एक बारीक पांढरी रेघ.

तीनदा धुतला. जाते. घालायला घेतला की असते. आता दुसऱ्या शर्टावरही आहे, त्याच जागी.

शिंपी खूण कुठे करतो, तुम्हाला माहीत असेलच.

जिथे कापायचं असतं तिथे.