आखूड पडदा

डावरीचा दात दुखायला लागला तो नेमका अशा आठवड्यात, जेव्हा तिला मान वर करायलाही फुरसत नव्हती. दातांना असं बरोबर कळतं. एरवी वर्षभर गुपचूप बसतील आणि तुमच्या आयुष्यातली एकुलती एक संधी दारात येऊन उभी राहिली, की हे लागले ठणकायला.

डावरी हे तिचं घरातलं नाव. घरात म्हणजे आत्या आणि ती, दोघीच. लहानपणी तिच्या उजव्या हातात पेन्सिल द्यायचा आत्याने पुष्कळ प्रयत्न करून पाहिला, पण ती पेन्सिल फिरून फिरून डाव्या हातातच जायची. शेवटी आत्याने नाद सोडला आणि तेच नाव पाडलं. त्याच डाव्या हाताने ती आता एका साप्ताहिकासाठी चित्रं काढायची. सहा वर्षं झाली होती. पण चित्रं कसली, तर दुसऱ्यांच्या लेखांच्या कोपऱ्यात बसवायची, पोस्टाच्या तिकिटाएवढी.

आणि आता संपादकबाईंनी तिला अख्खं शेवटचं पान देऊ केलं होतं. दर आठवड्याला, तिची स्वतःची, बोचऱ्या विनोदाची चित्रमालिका. अट एकच. ही मालिका घडते कुठे आणि टोमणा कुणाला, हे शुक्रवारी दुपारी बारापर्यंत ठरवून पहिलं पान टेबलावर हवं. नाहीतर ती जागा शब्दकोड्याला जाणार होती, कायमची.

आतापर्यंत तीन कल्पना बाईंनी परत पाठवल्या होत्या. आधी डावरीने राजदरबार काढला. बाई म्हणाल्या, राजे जाऊन किती वर्षं झाली, तुम्ही चित्रकार अजून मुकुटच रंगवताय. मग तिने जंगल काढलं, तर कोल्ह्याला चष्मा घातला म्हणजे विनोद होत नाही, असं ऐकावं लागलं. परग्रहाकडे तर बाईंनी नीट पाहिलंही नाही. सोमवारी सकाळी गालावर हात दाबून डावरी चौथ्या कल्पनेच्या शोधात बसली होती, तेव्हा आत्याने तिच्यासमोरचा कागदच उचलला. दात दाखवून आल्याशिवाय कागद मिळणार नाही, असं तिने बजावलं.

कोपऱ्यावरचा दवाखाना नवा होता. बाहेर चार खुर्च्या, आत डॉक्टर आणि मध्ये एक निळा पडदा. पडदा चांगला हातभर आखूड होता. त्यामुळे बाहेर बसलेल्याला आतल्या माणसाचं दुसरं काही नाही, पण पाय तेवढे दिसायचे. लवंगेच्या तेलाचा वास येत होता. आतल्या खुर्चीवर तपकिरी बुटांचा एक जोड एकमेकांना घट्ट बिलगून बसला होता. सुईचं नाव निघताच दोन्ही बूट ताठ उभे राहिले. दात दुखत असूनही डावरीला हसू आलं आणि तिने वही काढून ते बूट टिपून घेतले.

मग तिची पाळी आली.

डॉक्टर तिच्याहून दोनचार वर्षांनीच मोठा असेल. डोळे हसरे, कान जरा जास्तच मोठे, आणि तोंड... ते काही मिटत नव्हतं. दाताची मुळं साफ करावी लागतील, दोनेक महिने अधूनमधून खेपा होतील, घाबरू नका, मी स्वतः दातांच्या डॉक्टरला फार घाबरतो, असं सगळं त्याने एका दमात सांगितलं. मग तिच्या तोंडात कापूस भरला आणि म्हणाला, “दुखलं तर फक्त डावा हात वर करा. मी लगेच थांबेन.”

आणि मग त्याने तिला प्रश्न विचारायला सुरुवात केली. आता कापूस भरलेल्या तोंडाने माणूस काय उत्तर देणार? तुम्ही काय करता, असं त्याने विचारल्यावर तिने मांडीवरची वही उचलून लिहायला घेतलं. डावा हात वर गेला. तो दचकून थांबला.

“दुखलं?”

तिने नाही म्हणून मान हलवली. त्याने पुन्हा यंत्र सुरू केलं. तिने पुन्हा लिहायला हात उचलला आणि तो पुन्हा थांबला. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा घाम तिला नाही, त्यालाच फुटला होता. शेवटी तिने वही त्याच्या नाकासमोर धरली. वहीत एक पेन्सिल होती, एक डावा हात होता आणि त्या हाताला घाबरून खुर्चीखाली लपलेला एक मोठ्या कानांचा डॉक्टर होता.

तो इतका हसला की त्याला हातातलं यंत्र खाली ठेवावं लागलं. “असं आहे होय,” तो म्हणाला. “मग तुमच्यासाठी नियम बदलू. डावा हात कामाचा आहे, त्याला त्याचं काम करू द्या. दुखलं तर तुम्ही उजवा वर करा.”

जन्मल्यापासून लोकांनी तिच्या त्या हाताला वळण लावायचा प्रयत्न केला होता. त्याच्यासाठी नियम बदलणारा हा पहिलाच भेटला. घरी जाताना तिचा अर्धा चेहरा बधिर होता आणि उरलेला अर्धा उगाचच हसत होता.

बुधवारी ती दुसऱ्या खेपेला गेली तेव्हा पडद्याखाली काळ्या बुटांचा एक जोड होता. चकचकीत, टोकदार आणि कुणाकडे बघत नाहीत असे. ते बूट गावात सगळ्यांच्या ओळखीचे होते, कारण त्यांचा मालक गावाचा पुढारी होता. माईक हातात आला की दोन-दोन तास सोडायचा नाही. मध्ये कुणी शंका विचारली तर त्याला बसवून टाकायचा. आणि आज... आज डॉक्टर बोलत होता आणि पुढारी ऐकत होता.

“बघा साहेब, आमच्या गल्लीतला दिवा सहा महिने बंद आहे. मोठा आ करा. मी पाच अर्ज दिले. अजून मोठा. काय म्हणता, कामं चालू आहेत? नाही, आता बोलू नका, जीभ कापेल.”

उत्तरादाखल नुसताच “आ... आ...” असा आवाज आला. काळे बूट हवेत सायकल चालवत होते. डावरीने तोंडावर रुमाल दाबला, हसून हसून तिचा दात ठणकायला लागला, आणि त्या ठणक्यातच तिला लख्ख कळलं. हीच जागा. दुसऱ्याला बोलू न देणारा प्रत्येक माणूस इथे आडवा पडतो, तोंड सताड उघडतो आणि तरीही त्याला एक शब्द बोलता येत नाही. हीच ती जागा आणि हाच तो टोमणा. तिचा हात कागदावरून धावायला लागला.

तेवढ्यात आतून डॉक्टरचा आवाज आला, पुढचा खोटा दात पुढच्या खेपेला बदलू म्हणून. डावरीची पेन्सिल थबकली. गावभर पाटीपाटीवर झळकणारं ते हसू काढून डबीत ठेवता येत होतं तर. याहून मोठा विनोद तिला आयुष्यात मिळणार नव्हता. पुढारी गाल धरून बाहेर गेला तोवर त्याचा चेहरा, ते हसू आणि ती डबी, सगळं कागदावर उतरलं होतं.

तिने ते मोठ्या उत्साहाने डॉक्टरपुढे धरलं. पहिल्या चार चौकटींना तो खो खो हसला. डबीच्या पाचव्या चौकटीला गप्प झाला. त्याला गप्प झालेलं तिने प्रथमच पाहिलं.

“हे छापू नका,” तो म्हणाला.

शुक्रवार, शब्दकोडं, सहा वर्षं, तिने सगळं सांगून टाकलं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“इथे जो तोंड उघडतो तो माझ्या भरवशावर उघडतो,” तो हळू आवाजात म्हणाला. “मग तो कोणीही असो. चूक माझीच आहे. पडदा आखूड आणि माझा आवाज मोठा.”

“आणि त्या दिव्यावरून तुम्ही त्याला ऐकवत होतात ते?”

“ते मी त्याच्या तोंडावर सांगितलं. त्याच्या पाठीमागे नाही.”

यावर तिला जास्तच राग आला. पान तुमचं आहे, मी अडवणार नाही, असं तो म्हणाला होता खरा. पण त्याने अडवलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. कापूस, औषध, तात्पुरतं सिमेंट, सगळं त्या दिवशी मुकाट्याने झालं.

गुरुवारी ती घरात नुसती येरझाऱ्या घालत होती. पाचवी चौकट फाडावी तर विनोद जातो, ठेवावी तर... तर ते हसरे डोळे पुन्हा तिच्याकडे तसे बघणार नाहीत. आणि तिला ते हवे होते. अगदी मनापासून हवे होते, हे तिने स्वतःशी कबूल करून टाकलं. आत्याने तेवढ्यात विचारलंच, त्या दवाखान्यात तू नक्की पाहिलंस तरी काय एवढं?

“बूट,” डावरी चिडून म्हणाली. आणि जागच्या जागी थांबली.

खरंच की. पडद्याखालून तिला बूटच दिसले होते. चेहरा तिने मागाहून चिकटवला होता, दाताची गोष्ट तर चोरून ऐकलेली. तिची स्वतःची अशी फक्त पावलं होती. तिने नवा कागद घेतला. वर निळा पडदा, त्यामागून येणारा डॉक्टरचा आवाज आणि खाली नुसते पाय. ऐटबाज बूट, हुकूम सोडणारे बूट, कुणाला तुडवून आलेले बूट. सुई दिसताच सगळे सारखेच थरथरणारे. चेहरा एकही नाही. वर तिने नाव लिहिलं, ‘आ करा’.

शुक्रवारी सकाळी ती आधी दवाखान्यात गेली. दारातच थबकली. निळ्या पडद्याला खाली वेगळ्याच फुलाफुलांच्या कापडाची पट्टी जोडली होती. टाके इतके वाकडे होते की ते कुणी घातलेत हे विचारायची गरज नव्हती.

“हिरडीला टाके बरे सरळ घालता,” ती म्हणाली.

“हिरडी हलत नाही. कापड हलतं.” त्याने कागद घेतला. एकेक चौकट तो बघत गेला. “हे कोण?” त्याने एका जोडाकडे बोट दाखवलं.

“कोणीही. ज्याच्या पायात बसतील त्याचे.”

तो पुन्हा पहिल्यापासून बघायला लागला. मग त्याचे डोळे हसले, आणि डावरीचा जीव भांड्यात पडला. “माझे कान खरंच एवढे आहेत?”

“कान छोटे करू?”

“नको. पण एक करा,” तो म्हणाला. “हा पडदा... निदान चित्रात तरी आखूडच राहू दे. म्हणजे तुम्ही बाहेर बसून बघताय असं मला वाटत राहील.”

बारा वाजायला सात मिनिटं असताना कागद संपादकबाईंच्या टेबलावर पडला. बाईंनी चष्मा लावला, काढला, पुसून पुन्हा लावला. मग त्या हसायला लागल्या. बाहेरचे दोन उपसंपादक काय झालं म्हणून धावत आत आले, कारण बाईंना हसताना कुणी पाहिलं नव्हतं. जागा कुठली आणि टोमणा कुणाला, हे विचारायचं राहूनच गेलं. शब्दकोडं आतल्या पानावर गेलं.

तिसऱ्या आठवड्यापासून लोक साप्ताहिक मागून वाचायला लागले. शाळेचे मुख्याध्यापक, बँकेचे साहेब, जो तो आधी आपल्या पायांकडे बघायचा. डॉक्टरच्या चारही खुर्च्या भरायला लागल्या. पुढारी नवे बूट घालून आला आणि तोंडात कापूस जायच्या आधी त्याने घाईघाईने विचारून घेतलं की त्या चित्रांत आपली पाळी कधी येणार. मूर्ख बूट कुठले, असं म्हणून तो काळ्या बुटांच्या चौकटीवर पोट धरून हसलाही. आणि आठव्या आठवड्यात, कुणी कुणाला काही न बोलता, गल्लीतला दिवा लागला.

सगळं मनासारखं झालं होतं. अडचण एवढीच होती, की दातही बरा झाला होता. दातावर टोपी बसली, शेवटची खेप झाली आणि डावरीला तिथे जायला काही कारण उरलं नाही. दहा दिवस तिने कसेबसे काढले. अकराव्या दिवशी ती उजव्या बाजूचा गाल धरून शेवटची पेशंट म्हणून हजर झाली.

त्याने आरसा घालून पाहिलं, ठोकून पाहिलं. “हा दात तर ठणठणीत आहे.”

“दुखतोय.”

“कधीपासून?”

“तुम्ही म्हणालात ना, आता यायची गरज नाही... तेव्हापासून.”

डॉक्टरचे ते मोठे कान आधी गुलाबी झाले, मग लाल. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. जगातल्या सगळ्या विषयांवर बोलणाऱ्या त्या माणसाला शब्द सापडेना. शेवटी त्याने कापसाचा एक बोळा उचलला.

“आ करा,” तो म्हणाला. “तुम्ही मध्ये काही बोललात तर मला जमणार नाही.”

तिने निमूटपणे आ केला. त्याने कापूस ठेवला, दिवा बाजूला केला आणि तिच्याजवळ स्टूल ओढलं.

“त्या दिवशी मी छापू नका म्हणालो,” तो अडखळत म्हणाला, “आणि रात्रभर वाटत राहिलं, ही काही आता परत येत नाही. मी पडद्याला पट्टी शिवत होतो आणि मनात म्हणत होतो, ही परत आली तर मी हिला... तुला... सोडणार नाही.” तो थांबला. तुम्हीचं तू कधी झालं हे त्याचं त्यालाच कळलं नव्हतं. “मला तू आवडतेस. फार आवडतेस. हे चालणार नसेल तर... उजवा हात वर कर. मी लगेच थांबेन.”

खोलीत लवंगेचा वास होता. बाहेरच्या दिव्याचा उजेड खिडकीतून खुर्चीवर पडला होता. डावरीने उजवा हात उचलला. डॉक्टरचा चेहरा खर्रकन उतरला. पण हात वर गेलाच नाही. तो सरळ पुढे आला, डॉक्टरच्या हातात शिरला आणि तिथेच घट्ट बसला.

आणि डावा हात? त्याला त्याचं काम होतं. त्याने मांडीवरच्या वहीत पुढच्या आठवड्याचं चित्र काढायला घेतलं होतं. आखूड निळा पडदा, खाली पावलांचे दोन जोड, अगदी जवळजवळ. आणि पडद्यामागून पहिल्यांदाच, डॉक्टरचा एकही शब्द नाही.