सहा नंबरचं लाल कार्ड

"मुंगे! हात बाहेर काढ! आधी हात बाहेर काढ!"

वकीलबाई इतक्या जोरात ओरडली की निवाऱ्यातली झाडून सगळी कुत्री एकदम भुंकायला लागली. मुंगीचा हात खांद्यापर्यंत सहा नंबरच्या पिंजऱ्यात होता, आणि सहा नंबरच्या पिंजऱ्यावर लाल कार्ड लटकत होतं. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'चावरा. अंगावर धावून येतो. घरी देऊ नये.'

"तो बिस्किट खातच नाहीये गं ताई," मुंगी शांतपणे म्हणाली. "तोंडात धरतो आणि परत माझ्या हातावर ठेवतो. बघ ना, नुसतं ओलं करून दिलंय!"

आत वासराएवढा तपकिरी कुत्रा पोट टेकून बसला होता. त्याने मुंगीची बोटं एकेक करून चाटली आणि मोठा उसासा टाकला.

"हा कुत्रा आहे?" मागून डबा म्हणाला. "हा तर रणगाडा आहे!"

झालं, नाव पडलं. टोपणनावं पाडण्यात डब्याचा हात कोणी धरला नसता. त्याचं स्वतःचं नाव मात्र त्याच्या सतत उघड्या असणाऱ्या खाऊच्या डब्यावरून पडलं होतं. तेरा वर्षांची, सतत उलटतपासणी घेणारी वकीलबाई आणि आठ वर्षांची मुंगी या सख्ख्या बहिणी, डबा त्यांचा मावसभाऊ. सुट्टीत दोघी मावशीकडे राहायला आल्या होत्या. मावशी कुत्र्यांच्या निवाऱ्यात काम करायची. बारा पिंजरे, बारा कार्डं आणि एक जाड नोंदवही, हे सगळं तिच्या ताब्यात. या तिघांना घरी ठेवलं तर घर जागेवर राहील याची खात्री नव्हती, म्हणून ती त्यांना रोज सोबत आणायची. पोरं पाणी भरायची, वाट्या घासायची, आणि नको तिथे हात घालायची.

"मावशी, लाल कार्ड म्हणजे काय गं?" वकीलबाईने विचारलं.

मावशी नोंदवहीतून मान वर न करता म्हणाली, "म्हणजे घरी द्यायचा नाही. आठ आठवडे बघायचं. सुधारला नाही तर डॉक्टर येऊन झोपवतात."

"झोपवतात म्हणजे मारतात," डबा हळूच म्हणाला.

"याचे आठ आठवडे कधी होणार?" वकीलबाईने विचारलं.

"या शुक्रवारी. चार वाजता."

तो दिवस बुधवार होता.

अकराच्या सुमाराला फाटक वाजलं. एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ आत आले. जन्मभर बस चालवून ते नुकतेच निवृत्त झाले होते, म्हणून निवाऱ्यात त्यांना सगळे ड्रायव्हरकाका म्हणत. ते सरळ सहा नंबरसमोर जाऊन उभे राहिले. रणगाडा उठला आणि त्याची शेपटी पत्र्यावर धडाधड आपटायला लागली.

"पुन्हा आलात?" मावशी कंटाळून म्हणाली. "काका, चौथी खेप झाली तुमची. लाल कार्ड आहे हो! दुसरा बघा ना एखादा लहानसा."

"लहान कोणीही नेईल, बाई," काका म्हणाले. "मला हाच हवाय. बायको गेल्यापासून घरात आवाजच राहिला नाही. हा नुसता चालला तरी घर दणाणेल."

"तुम्हाला चावला म्हणजे दणाणेल! कार्डावर आहे ते आहे. माझ्या हातात काय आहे?"

काकांनी जाळीतून दोन बोटं घालून रणगाड्याचा कान खाजवला आणि आले तसे गेले.

"हा शुद्ध बेअक्कलपणा आहे!" वकीलबाई फणफणली. "तो चावत नाही हे आंधळ्यालाही दिसेल!"

आता खरं सांगायचं तर मोठ्या माणसांचं हे असंच असतं. एकदा कागदावर काही लिहिलं की ती डोळ्यांना सुट्टी देऊन टाकतात. मुंगीला अजून एवढी अक्कल आलेली नव्हती, म्हणून तिने चवड्यांवर उभं राहून ते लाल कार्ड चक्क उलटं केलं.

"ताई, मागे आकडे आहेत."

मागे दर सोमवारी केलेल्या वजनाचा तक्ता होता. डब्याने वाचलं आणि तोंडातला घास तसाच ठेवून तो म्हणाला, "वजन नऊ किलो!"

"काय?"

"नऊ किलो! अगं, याची नुसती शेपटी नऊ किलो भरेल!"

वकीलबाईने कार्ड हिसकावून घेतलं. नऊ. नऊ. नऊ. आठ सोमवार, आठ नवांची रांग, सगळे मावशीच्या गोल गोल अक्षरात. तिने शेजारच्या पाच नंबरकडे पाहिलं. तिथे एक बुटकं, गुबगुबीत कुत्रं होतं. त्याचं कार्ड हिरवं होतं, 'अतिशय प्रेमळ. मांडीवर बसायला आवडतं.' वकीलबाईने जाळीपाशी बोट नेलं मात्र, ते गुबगुबीत ध्यान दात विचकून जाळीवर आदळलं!

"हे साधारण नऊ किलोचं दिसतंय," डबा दोन पावलं मागे सरकून म्हणाला.

दुपारी मावशी चहा घेत असताना वकीलबाईने विषय काढला. "मावशी, कुत्री कधी इकडची तिकडे केली होती का गं?"

"पिंजरे रंगवले तेव्हा केली की! सात आठवडे झाले." मावशी हसत सांगायला लागली. "काय तारांबळ उडाली होती म्हणून सांगू! एक नंबरच्याला झाडाला बांधलं. एक रंगवून वाळला, की दोनमधला एकमध्ये. मग दोन रंगवायचा, तीनमधला दोनमध्ये. असं करत करत शेवटी झाडाचा बारामध्ये."

"आणि कार्डं?"

"कार्डं रंगाने खराब होतील म्हणून काढून ठेवली होती. संध्याकाळी नंबर बघून लावली परत."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. कुत्री सगळी एकेक घर डावीकडे सरकली होती, आणि कार्डं मात्र जुन्याच नंबरांवर! म्हणजे प्रत्येक कुत्र्याचं खरं कार्ड त्याच्या उजव्या शेजाऱ्याच्या दारावर होतं. डबा धावत जाऊन सात नंबरचं कार्ड वाचून आला. 'खूप मोठा. शांत. मुलांबरोबर ठेवता येईल.' मागे वजन, बावन्न किलो!

"मावशी," वकीलबाईने जपून विचारलं, "तू दर सोमवारी सगळ्यांचं वजन करतेस ना?"

"करते तर!"

मावशी खोटं बोलली. तिच्या मांडीवर बसून वकीलबाई वाचायला शिकली होती, आणि आज तीच मावशी कपात बघत खोटं बोलली. वकीलबाईला इतकं वाईट वाटलं की पुढचा प्रश्न तिने विचारलाच नाही.

तो डब्याने विचारला. सगळं सांगितलं, कार्डंही दाखवली. मावशीचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग रागाने लाल झाला.

"काहीतरी खुसपट काढू नका! सात आठवडे मला कळलं नाही आणि तुम्हाला एका दिवसात कळलं? आणि हे साहेबांच्या कानावर घालायचं नाही. समजलं?"

अर्थातच गुरुवारी सकाळी ते साहेबांच्या कानावर गेलं. साहेब म्हणजे निवाऱ्याचे प्रमुख. ते पिंजऱ्यांकडे सहसा फिरकत नसत, वासाने त्यांचं डोकं दुखे. त्यांनी तिघांचं बोलणं निम्मं ऐकलं.

"पोरांनो, सुट्टी आहे, खेळा! नोंदी चुकत नसतात. माझी प्रत्येक कार्डावर सही आहे!"

"पण साहेब, एकदा येऊन बघा तरी!"

"सही केली म्हणजे बघितलंच की!"

बाहेर येऊन मुंगी रडायला लागली. वकीलबाई कपाळाला आठ्या घालून येरझारा घालत होती. शेवटी ती थांबली. "साहेब कुत्र्यांसाठी येणार नाहीत. पण स्वतःसाठी येतील."

शुक्रवारी दोन वाजता ती पुन्हा साहेबांसमोर उभी राहिली. आवाजात नुसता मध! "साहेब, दर्शनी भिंतीवर तुमचा एकही फोटो नाही. निवाऱ्यातल्या सगळ्यात प्रेमळ कुत्र्याला मांडीवर घेऊन एक काढू या का? डब्याने कॅमेरा आणलाय."

साहेबांनी लगेच केस नीट केले. "कल्पना वाईट नाही! कोणता प्रेमळ?"

"कार्डं बघून तुम्हीच निवडा ना. तुमच्याच सह्या आहेत."

साहेब रुबाबात आले, कार्डं वाचत वाचत पाच नंबरशी थांबले, कडी काढली, आणि "ये रे सोन्या!" म्हणून वाकले.

पुढचं फार भराभर झालं. सोन्याने साहेबांच्या बाहीत दात रोवले आणि सोडायचं नावच घेईना!

"अरे सोडवा! कोणीतरी सोडवा!" साहेब एका पायावर नाचत ओरडत होते. "प्रेमळ लिहिलंय की याच्यावर!"

डब्याने बादलीभर पाणी ओतलं तेव्हा कुठे सुटका झाली. बाही कोपरापर्यंत गेली, कातडी मात्र वाचली. तो चावेल असं आपल्याला वाटलं नव्हतं, असं वकीलबाई नंतर सांगायची. ते फारसं खरं नव्हतं.

"आता हे बघा," ती म्हणाली आणि तिने सहा नंबरचं दार सताड उघडलं. रणगाडा बाहेर आला, मुंगीच्या पायाशी आडवा झाला आणि त्याने चारी पाय वर केले.

साहेबांचं तोंड उघडंच राहिलं. "वजनकाटा आणा," ते मावशीला म्हणाले. आवाज एकदम बसला होता.

एकेक कुत्रं काट्यावर चढलं. डबा वजन ओरडायचा, मुंगी उजवीकडच्या दारावरचं कार्ड वाचायची. रणगाडा चोपन्न, शेजारच्या कार्डावर बावन्न. जुळलं! पाच नंबरचा नऊ, रणगाड्याच्या दारावरचं लाल कार्ड नऊ. जुळलं! पोरांना चेव चढला होता. प्रत्येक जुळणीला ती टाळ्या पिटत होती.

"दहा नंबरचं कार्ड!" मुंगीने वाचलं. "'म्हातारी. गरीब स्वभाव. दिवसभर झोपते. कोणाच्याही घरी चालेल.' वजन चौदा किलो. ही म्हणजे नऊ नंबरची. आण रे डब्या!"

डबा नऊ नंबरशी गेला आणि तिथेच उभा राहिला. पिंजरा रिकामा होता. वाटी धुऊन पालथी घातलेली होती.

"इथली कुठेय?"

मावशीने हातातली नोंदवही मिटली.

"मावशी, कुठेय ती?" वकीलबाईने विचारलं.

"नऊवर लाल कार्ड होतं," मावशी म्हणाली. "गेल्या शुक्रवारी डॉक्टर आले होते."

ते लाल कार्ड मुळात आठ नंबरच्या गुरगुऱ्याचं होतं. तो आठमध्ये जिवंत होता, आणि याही क्षणी जाळीवर दात आपटत होता. म्हातारीने त्या दिवशी डॉक्टरांचा हात चाटला होता, हे मावशीनेच मग हुंदके देत सांगितलं. चावऱ्या कुत्रीने हात कसा चाटला, असं त्या वेळी तिथे कोणाच्याही मनात आलं नव्हतं.

साडेतीनला निरोप मिळताच ड्रायव्हरकाका धापा टाकत आले. सगळी हकीगत ऐकून त्यांनी तिघांच्या डोक्यावरून हात फिरवला. "पोरांनो, तुम्ही याचा जीव वाचवलात. माझंही घर भरलंत." रणगाडा त्यांच्या बरोबरीने फाटकाबाहेर पडला. दोर हातात असून नसल्यासारखाच होता. चार वाजता डॉक्टर आले, त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवलं.

संध्याकाळी साहेबांनी फाटक्या बाहीवर कोट चढवून सगळ्या कर्मचाऱ्यांना व्हरांड्यात गोळा केलं. "या चाणाक्ष मुलांमुळे निवाऱ्याची एक किरकोळ गफलत वेळेवर उघडकीला आली," ते म्हणाले. "शाबास! यांच्यासाठी जोरदार टाळ्या!"

टाळ्या वाजल्या. डबा मान खाली घालून उभा होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या हातातलं चॉकलेट तसंच राहिलं होतं.

"वेळेवर नाही, साहेब," वकीलबाई म्हणाली. टाळ्या थांबल्या. "आठवडाभर उशिरा. नऊ नंबरची मेली. तिच्या नोंदीत अजून 'चावरी' लिहिलंय."

"अगं बाळ, ती तर गेली. आता ते खोडून काय होणार?"

"चावरी नव्हती असं लिहा."

साहेब घड्याळाकडे बघायला लागले. शेवटी मावशीनेच नोंदवही उघडली. तो शब्द खोडला, वर 'गरीब स्वभाव' लिहिलं, खाली 'चूक आमची' लिहिलं आणि साहेबांपुढे पेन धरलं. साहेबांनी सही केली. या खेपेला त्यांनी वाचून केली.

"मी घाईत असायचे गं," मावशी घरी जाताना वाटेत म्हणाली. "मागचाच आकडा उतरवायचे. एवढ्याशाने काय होतंय, असं वाटायचं. तू केलंस ते बरोबर केलंस. शाबास."

वकीलबाईला ती शाबासकी हवी होती की नको, तिचं तिलाच कळेना. मावशी वाईट नव्हती. तिचं या तिघांवर जिवापाड प्रेम होतं. म्हणून तर जास्त राग येत होता.

मोठा रस्ता आला. गाड्या भरधाव जात होत्या. मावशीने नेहमीसारखा हात पुढे केला.

वकीलबाईने क्षणभर त्या हाताकडे पाहिलं. मग तिने मुंगीचा हात घट्ट धरला, दोन्ही बाजूंना स्वतः नीट बघितलं, आणि रस्ता ओलांडला.