उम्म वगदीचं घड्याळ

दिवा राहू दे तेवढा. हं, सरका जवळ. ऐकीव सांगत नाहीये, आपल्या गल्लीतल्या वगदीचंच आहे. खुर्च्यांना पॉलिश करतो ना, तोच.

गेल्या रमजानची सत्ताविसावी रात्र. वगदी पातेलं घेऊन सहरीसाठी, म्हणजे रोजा धरण्याआधी पहाटे खायला, शिजलेले वाल आणायला निघाला होता. एकटा जीव, घरात चूल कुणासाठी पेटवायची? मनगट उघडं होतं त्याचं. आज तुम्हाला त्यात काही वाटणार नाही, पण एके काळी हा पठ्ठ्या घड्याळाशिवाय जिना उतरायचा नाही. पावलं मोजणारं, झोप मोजणारं, काळजाचे ठोके मोजणारं. बाजारात नवं आलं की जुनं खणात आणि नवं हातात. आम्ही चिडवायचो, "वगदी, शिंक येतेय रे, घड्याळाला विचार, देऊ का?"

आईवर मात्र जीव टाकायचा. तिचं काळीज अशक्त, म्हणून तिच्याही मनगटाला एक घड्याळ बांधलं. मनगट कसलं, काडीच ती. सुई तापवून पट्ट्याला शेवटी एक जास्तीचं भोक त्यानंच पाडलं. तिचा ठोका चुकला की याच्या घड्याळावर निरोप यायचा, आणि सहरीच्या वेळी तिच्या हाताला हळूच टिचकी बसायची.

मग टिमकीवाल्या शहाताचं काय काम उरलं? रमजानात लोकांना सहरीला उठवायला शहाता दारोदार टिमकी वाजवतो, नावानं हाक मारतो आणि वरून ओ आल्याशिवाय दार सोडत नाही. बापजाद्यांपासूनची रीत त्याची. "ऊठ गं, उम्म वगदी!" वगदीची आई म्हणून अख्खी गल्ली तिला त्याच नावानं ओळखायची. ती खिडकीतून ओरडायची, "उठले रे बाबा, माझ्या पोराला उठव आधी, तो घोरतोय!"

वगदी त्याला म्हणाला, "काका, आमच्या दारात टिमकी नको. आई दचकते. घड्याळ उठवेल तिला."

"घड्याळ उठवेल रे," शहाता म्हणाला, "पण ती उठली नाही, तर दार कोण ठोठावणार? घड्याळ?"

वगदी हसला. हसला हो!

ही त्याच्या आदल्या रमजानची गोष्ट. तेव्हाही सत्ताविसावीच रात्र होती. त्या संध्याकाळी यानं नवं घड्याळ आणलं, बांधलं, उशिरापर्यंत त्याच्याशी खेळला. आईचं घड्याळ अजून जुन्यालाच जोडलेलं होतं. सकाळी जोडू म्हणाला आणि झोपला. रात्री म्हातारीचं काळीज अडलं. जुनं घड्याळ खणात थरथरत राहिलं. शहाता, सांगितलं होतं म्हणून, खिडकीखालून मुकाट पुढे गेला.

मयतीला अंघोळ घालणाऱ्या बायकांनी तिच्या हातातलं घड्याळ काढून रुमालात बांधून दिलं. यानं ते कपाटात टाकलं, कुलूप लावलं, किल्ली गळ्यात घातली. बाकीची सगळी घड्याळं नाईल नदीत फेकली. माझ्यासमोर भिंतीवर डोकं आपटून घेतलं त्यानं. "मी मारलं तिला. माझ्या हौसेनं मारलं."  

तर गेल्या रमजानच्या त्या रात्री पातेलं घेऊन तो कोपऱ्यावर पोचला आणि समोरून शहाता आला. वर्षभर शहाताला तोंड चुकवत होता वगदी. आज मात्र वाट अडवून उभा राहिला.

"काका, चुकलो मी. उद्यापासून आमच्या दारात टिमकी वाजवा. हाक मारा तिच्या नावानं. ओ येणार नाही, माहीत आहे मला. तरी मारा."

शहाता त्याच्याकडे बघतच राहिला.

"थट्टा करतोस का रे?"

"म्हणजे?"

"आत्ता तिथूनच येतोय मी. पाय थांबले तिथं. जुनी सवय. हाक गेली तोंडातून. मग आठवलं. जीभ चावली मी. पण..."

"पण काय?"

"...ओ आली."

वगदीच्या हातातलं पातेलं कलंडलं.

"मला वाटलं, मावशी-बिवशी आली असेल तुझी. आवाज तसाच..."

"काय म्हणाली?"

शहातानं टिमकी खाली ठेवली.

"काका, काय म्हणाली?"

"म्हणाली... उठले रे बाबा. माझ्या पोराला उठव."

वगदी पळत सुटला. गल्ली संपेना. दाराला बाहेरून कुलूप, त्यानंच लावलेलं. उघडलं. जिना अंधारा. वर कुणी नाही.

"आई?"

...

"आई, मी गं..."

काही नाही. तिची खोली. खिडकी उघडी. वर्षभर बंद होती ती. दिवा लावला. कपाट बघितलं. कुलूप तसंच. किल्ली गळ्यात.

मग उशी दिसली.

पहाटेची नमाज होताच तो माझ्या दारात आला.  एवढंच म्हणाला, "माफ केलं का रे तिनं मला? का तसं नाही?" आणि मूठ उघडली.

आत तिचं घड्याळ. कुलूपबंद कपाटातलं, उशीवर सापडलेलं. काच काळी, वर्षभर चार्ज न केलेलं. पट्टा मात्र लावलेला, त्यानं सुईनं पाडलेल्या त्या शेवटच्या भोकात.

मी हातात घेतलं. खोटं कशाला बोलू? पट्टा आतून कोमट होता.