सहाव्या शनिवारचं मुखपृष्ठ

लातूरच्या महाविद्यालयात मराठी शिकवणारी लुंबिनी नांदेडच्या त्या डिझाइनच्या दुकानात एका शनिवारी पहिल्यांदा शिरली ती केवळ झेरॉक्सपुरती. झेरॉक्स बंद होतं. पण संगणकाशी बसलेल्या अश्वजितनं तिच्या हातातलं हस्तलिखित पाहून "याचं मुखपृष्ठ मी करतो" असं इतक्या हळुवारपणे म्हटलं, की नकार देणं तिला असभ्यपणाचं वाटलं. त्या सभ्यतेपायी पुढचे पाच शनिवार एसटीत गेले.

कारण एकच – सॉफ्टवेअर अडकायचं. एक रंग बदलला की पडद्यावर चक्र फिरत राही, आणि तेवढ्यात अश्वजित चहा मागवी, आपल्या गावच्या, नायगावच्या गमती सांगे...

आज मात्र गमतींना जागा नव्हती. सोमवारी किनवटला तिच्या आत्याच्या, पारूबाईंच्या भीमगीतांचं हे पुस्तक निघायचं होतं. आतली पानं छापून तयार होती. दोनपर्यंत मुखपृष्ठ छापखान्यात गेलं नाही, तर साठ वर्षं गाणाऱ्या आत्याच्या हाती मंचावर सुटी पानं द्यावी लागली असती.

"लई जड झालंय मशीन, मॅडम. नुसतं फिरून राहिलं बघा."

"यंत्राला दोष देऊ नका," लुंबिनी वर्गातल्या स्वरात म्हणाली. "सॉफ्टवेअरनं साठवलेल्या प्रेफरन्सेस, म्हणजे जुन्या सेटिंग्ज, बिघडल्या आहेत. त्या पुसून मूळपदावर आणायच्या. मी वाचून आले आहे."

"असं असतं व्हय?"

"कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट – तिन्ही दाबून ठेवा आणि मग उघडा."

डावी शिफ्ट केव्हाच तुटलेली. अश्वजितचा डावा हात कंट्रोल-ऑल्टवर, उजवा माउसवर. उरलेली उजवी शिफ्ट दाबायला लुंबिनीला वाकावं लागलं. तिची ओढणी त्याच्या मनगटावर टेकली. अशा वेळी श्वासाचं काय करावं, हे तिनं वाचलेल्या एकाही लेखात नव्हतं.

"सोडू नका..." तो पुटपुटला. "अजून न्हाई."

जुनी सेटिंग पुसू का, असं पडद्यानं विचारलं. त्यानं होकार दाबला. मुखपृष्ठावरची निळाई बोट लावताच बदलू लागली.

"दादा," शेजारच्या टेबलावर काम शिकणारी आरती मान वर न करता म्हणाली, "परवा मला हेच तर शिकवलंत की."

लुंबिनीचं बोट कळेवरून उठलं.

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"...आठ वर्षं झाली."

"आणि माझे सहा शनिवार?"

"मशीन चाललं असतं, तर एकच झाला असता."

संताप हा विवेकी माणसाचा अलंकार आहे, असं ती विद्यार्थ्यांना सांगे. आज तो तिला नीट घालताच येईना. काळीज भलत्याच उत्साहानं धावत होतं.

"आधी फाइल पाठवा."

पावणेदोनला फाइल गेली. मिळाल्याचा छापखान्याचा निरोप आला, तेव्हाच ती बोलली.

"आता शिक्षा. सोमवारी प्रती घेऊन किनवटच्या गाडीत बसायचं. आत्याच्या हाती स्वतः द्यायच्या आणि उशीर का झाला, तेही सांगायचं. खरं कारण. तिला थापा लगेच कळतात."

"सांगतो." अश्वजितनं हसू लपवायला मान खाली घातली. "पण आत्यांनी विचारलं, पोरीचं काय म्हणणं हाय – तर?"

लुंबिनीनं पिशवी खांद्याला लावली. दारापाशी थांबली.

"सांगा... या गल्लीत अशी सात दुकानं आहेत. पोरगी एकाही शनिवारी दुसऱ्या दुकानाची पायरी चढली नाही."